मी कधी पळायचं, दादा?

मागच्या डिसेंबरपासून मी कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या एका छोट्या तालीम मंडळाच्या पोरांना फुटबॉल शिकवतोय. अंडर-14 चा ग्रुप, रविवारी सकाळी सहा ते आठ आणि कामावरनं लवकर सुटलो तर बुधवारी संध्याकाळी, गांधी मैदानात. आधी जो पोरगा शिकवायचा त्याला पुण्याला नोकरी लागली, मग मंडळात कुणीतरी म्हणलं की अरे हा रात्र रात्र जागून मॅच बघतोय, टॅक्टिक्स वगैरे सगळं कळतंय ह्याला, ह्यालाच सांगा की. आणि मला मनापासून वाटलं की हो, कळतंय मला.

तिसऱ्या रविवारी एका पोरानं एक प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून मला फुटबॉल कळतो की एक सॉफ्टवेअर कळतं ही शंका काही केल्या डोक्यातनं जात नाही. त्यावरच लिहायचंय आज, जरा लांबेल.

मी 2008 पासून फुटबॉल मॅनेजर खेळतोय, कॉलेजात मित्राच्या पीसीवर सुरू केलं ते आजपर्यंत. ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो, ह्यात आपण बॉलला पायच लावत नाही, आपण मॅनेजर. टीम निवडायची, खेळाडू घ्यायचे-विकायचे, फॉर्मेशन लावायचं, सूचना द्यायच्या आणि मग मॅच बघत बसायचं. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर ह्या दोन इंग्लिश भावांनी 1992 मध्ये चॅम्पियनशिप मॅनेजर नावानं काढलेला, पुढं पब्लिशरशी फारकत झाली, जुनं नाव पब्लिशरकडं राहिलं आणि 2004 पासून ह्या भावांचा गेम फुटबॉल मॅनेजर म्हणून येतोय. प्रत्येक खेळाडूला प्रत्येक गुणासाठी 1 ते 20 मध्ये मार्क. वेग, पासिंग, हेडिंग तर आहेच पण निर्णय, टीमवर्क, धाडस, बॉल नसताना कुठं पळतो ह्यालासुद्धा मार्क. वर काही गुण दिसतच नाहीत, सातत्य किती, मोठ्या मॅचला दबतो का, दुखापत लवकर होते का, हे आतल्या आत असतं. आणि सगळ्याची गोळाबेरीज म्हणून 200 पैकी एक आकडा.

मी इंग्लंडच्या सहाव्या पायरीवरचा, म्हणजे गेममध्ये घेता येतो त्यातला सगळ्यात खालचा क्लब घेऊन अकरा सीझनमध्ये प्रीमियर लीगमध्ये आणलाय. एकदा नाही, दोनदा, वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये. दोन्ही वेळा साधारण तीच पद्धत, 4-3-3 म्हणजे मागं चार बॅक, मध्ये तीन हाफ, पुढं तीन फॉरवर्ड, बॅकची ओळ वरती, बॉल गेला की लगेच अंगावर जायचं. ह्या यशामुळं मला एक आत्मविश्वास आलेला. मॅच बघताना मी मित्रांना सांगायचो की ह्यांचा डावा बॅक फार वर जातोय, मागं जागा सुटतीय, आता तिकडनंच गोल खाणार, आणि बऱ्याचदा तसंच व्हायचं.

आता तो रविवार. मैदानावर फक्कीनं मी तीन पट्टे मारलेले. पोरांना बसवून सांगितलं की आपण वरती प्रेस करायचं, त्यांच्या स्टॉपरकडं, म्हणजे मधल्या बॅककडं, बॉल असताना आपल्या पुढच्या तिघांनी त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. आमचा डावा विंगर आहे, अंगानं सगळ्यात लहान म्हणून त्याला सगळे बारक्या म्हणतात, त्यानं हात वर केला.

"म्हणजे मी कधी पळायचं, दादा?"

"त्यांच्या बॅककडं बॉल आला की."

"बॉल तर सारखाच त्यांच्याकडं असतोय. मग सारखंच पळायचं?"

मी म्हणलं नाही, सारखं नाही, योग्य वेळी. तो माझ्याकडं बघत बसला. पोरगं उद्धटपणा करत नव्हतं, त्याला खरंच पाहिजे होतं उत्तर. आणि माझ्याकडं नव्हतं. गेममध्ये ह्यासाठी एक ऑप्शन असतो, किती वेळा प्रेस करायचं, कमी, नेहमीसारखं, जास्त, फार जास्त. मी तो वर्षानुवर्षं शेवटच्या टोकाला लावून ठेवलाय. तो टोकाला लावला की माझे खेळाडू पळतात आणि बऱ्याचदा बरोबर वेळी पळतात. पण ती बरोबर वेळ कुठली हे ठरवतो गेम लिहिणारा प्रोग्रामर, मी नाही. सतरा वर्षांत मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता, आणि बारक्याला पहिल्या पाच मिनिटांत पडला.

त्या आठवड्यात मी जुन्या मॅचेस लावून, पॉज करून करून, वहीत लिहून काढलं. बॅकनं गोलकीपरकडं मागं पास दिला, तेव्हा. बॉल हवेत आहे आणि त्याला तो खाली घ्यायचाय, तेव्हा. पहिला टच लांब गेला, तेव्हा. बॉल घेताना त्याची पाठ आपल्याकडं आहे, तेव्हा. तो लाइनला चिकटलाय, म्हणजे एका बाजूनं लाइनच आपल्यासाठी डिफेन्स करतीय, तेव्हा. ह्याला प्रेसिंग ट्रिगर म्हणतात, हा शब्द मला आधीपासून माहीत होता, मी तो लोकांशी वाद घालताना वापरलाही होता. पण शब्द माहीत असणं आणि चौदा वर्षांच्या पोराला तो समोरनं येताना ओळखता येईल असा सांगता येणं ह्यात जे अंतर आहे ते मला त्या वहीवर बसल्यावर कळलं. पाच गोष्टी लिहिल्या आणि रविवारी जाऊन पाचही सांगितल्या. पोरं एकही लक्षात ठेवू शकली नाहीत, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. पळता पळता पाच अटी कोण तपासणार.

मग एकच ठेवली. बॅकपास गेला की पळायचं, बाकी काही नाही. महिनाभर फक्त तेवढंच.

इथं मला अरिगो साक्कीबद्दल बोलायचंय. ज्यांना हौशी माणसानं कोचिंग करावं की नाही असा प्रश्न पडतो त्या सगळ्यांचा हा आधार. साक्की स्वतः कधी प्रोफेशनल फुटबॉल खेळला नाही, वडिलांच्या बुटांच्या धंद्यात होता, आणि 1987 मध्ये इटलीतल्या एसी मिलान क्लबचा कोच झाला. लोकांनी विचारलं तू खेळलेला नाहीस, तर त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे की जॉकी व्हायला आधी घोडा असावं लागत नाही. 1989 आणि 1990 असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले, पहिल्या फायनलला स्टेउआ बुखारेस्टला 4-0. हे मला सगळं पाठ होतं. त्याची टीम डिफेन्सपासून फॉरवर्डपर्यंत साधारण 25 मीटरच्या पट्ट्यात राहायची, हेही पाठ. गेममध्ये मी कितीतरी वेळा साक्की लावलाय, 4-4-2, लाइन वर, पट्टा आखूड, तीन-चार क्लिक.

पण त्यानं ते कसं केलं ह्याकडं मी आता पहिल्यांदा नीट बघितलं. तो खेळाडूंना बॉलशिवाय खेळवायचा. अकरा जण मैदानावर उभे, समोर कोणी नाही, बॉल नाही, आणि हा ओरडून सांगणार की बॉल आता तिथं आहे, सगळे तिकडं सरका, आता इकडं आला, इकडं सरका. रोज. गुलिट आणि व्हॅन बास्टनसारख्या टीममधल्या स्टार खेळाडूंना हे पटेना, तेव्हा त्यानं पैज लावली असं तो स्वतःच सांगायचा. गोलकीपर गाली आणि बरेसी, माल्दिनी, कोस्टाकुर्टा, तासोत्ती हे चार बॅक एका बाजूला, समोर दहा जण, पंधरा मिनिटं, गोल मारून दाखवा. दहा जणांना गोल मारता आला नाही. म्हणजे जी गोष्ट मी तीन-चार क्लिकमध्ये लावतो ती बरेसी आणि माल्दिनीलासुद्धा शिकवावी लागली, रोज, बॉल न देता. मग आमच्या पेठेतल्या पोरांना एका रविवारी तोंडी सांगून ती यावी ही अपेक्षा मी कशाच्या जोरावर केली?

मी तो प्रयोग करून बघितला. गोलकीपर अधिक चौघे, समोर आठ. पहिल्या पाच मिनिटांत आठांनी तीन गोल घातले. चौघे बॅक चारी दिशांना. एक बॉलकडं पळतोय, दुसरा त्याच्या मागं, तिसरा उभा राहून बघतोय, चौथा फॉरवर्डच्या मागं मोठ्या डीच्या बाहेर.

मग मंडळाच्या खोलीतनं मांडवाची सुती दोरी आणली. चौघांच्या कमरेला बांधली, दोघांमध्ये साधारण सहा पावलांचं अंतर. आणि मग बॉल न देता, मी नुसता चालत गेलो, डावीकडं, उजवीकडं, पुढं, मागं, आणि सांगितलं की मीच बॉल आहे, माझ्याकडं बघून सरका. पहिली दहा मिनिटं नुसतं हसणं आणि धडपडणं. एक जोरात पळाला की बाकीचे तिघे ओढले जाणार, एक थांबला की दुसऱ्याला झटका बसणार. साधारण अर्ध्या तासानं एक गोष्ट झाली ती मला अजून डोळ्यासमोर दिसतीय. उजवा स्टॉपर माझ्याकडं बघत होता, पण त्याचा डावा हात दोरीवर होता. दोरी सैल आहे का ताणलीय हे तो हातानं बघत होता. म्हणजे डोळे बॉलवर आणि अंतर हातात. मी त्याला तसं काही सांगितलेलं नव्हतं. दोन आठवड्यांनी दोरी सोडली तरी त्याचा हात तसाच कमरेपाशी असायचा.

ह्याला गेममध्ये काय म्हणतात? पोझिशनिंग, समजा 9 वरनं 10 झालं. एक हिरवा बाण वर जातो आणि आपण पुढच्या स्क्रीनवर जातो.

आता मैदानाबद्दल. माझ्या डोक्यात अजून एक गोष्ट पक्की होती की बॉल मागनं, जमिनीवरनं खेळवत आणायचा. गोलकीपरनं लांब किक मारायची नाही, स्टॉपरला द्यायचा, स्टॉपरनं हाफला. कोल्हापूरचा फुटबॉल सगळा लांब किकचा आणि दमाचा आहे, ते बदललं पाहिजे, असं मी कित्येकदा शाहू स्टेडियमवर बसून म्हणलोय. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली इथल्या दोन मोठ्या तालमींची मॅच असावी, स्टेडियम गच्च, आणि मी आपला मित्राला सांगतोय की बघ, हाफ लाइन पूर्ण रिकामी आहे, कोणी मधनं खेळतच नाही.

आमच्याकडं एक आण्णा येतात सकाळी फिरायला, साठी उलटलेले, स्वतः सीनियर टीमला हाफ खेळलेले. ते रोज बाकावर बसून बघायचे, बोलायचे काही नाहीत. एकदा आमच्या स्टॉपरनं साधा सरळ पास दिला, मध्ये एका खड्ड्यावरनं बॉल उडाला आणि थेट समोरच्या पोराच्या पायात, गोल. मी स्टॉपरला म्हणलं की पास जोरात दे. आण्णा उठून आले.

"बॉल जमिनीवर ठेव म्हणतोस त्याला. जमीन बघितलीस का?"

मग त्यांनी मला हाताला धरून मैदानभर फिरवलं. पावसाळ्यात इथं पाणी साठतंय, ते आटल्यावर ही बाजू अशी दगडासारखी होते, इथं बॉल दोनदा उडतो. ही बाजू मऊ, इथं बॉल थांबतो. इथं गाड्या वळवतात म्हणून चाकोरी पडलीय. "आम्ही लांब मारायचो ते काय अक्कल नव्हती म्हणून न्हाई. इथनं इथं बॉल नीट जातच न्हवता. तिकडनं मात्र जायचा, तर तिकडं आम्ही पासवर खेळायचो." म्हणजे त्यांच्या पिढीनं मैदानाचा नकाशा डोक्यात ठेवून त्यावर टॅक्टिक्स बसवले होते, आणि मी वर बसून त्याला टॅक्टिक्स नाहीत असं म्हणत होतो. हे मला फार लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं. गेममध्येही मैदान खराब असलं की तसं लिहून येतं, नाही असं नाही. पण ते पूर्ण मैदानाला मिळून एक शब्द असतो. डावीकडच्या कोपऱ्यात बॉल थांबतो आणि उजवीकडं उडतो असं त्यात येत नाही.

आण्णांशी त्यानंतर रोज बोलतो. त्यांचं माझं सगळंच पटत नाही. त्यांना दोरी वगैरे प्रकार आवडत नाही आणि त्यांच्या मते पोरांना आधी वर्षभर नुसतं खेळू द्यावं. पण पास कुठल्या पट्ट्यातनं द्यायचा हे आता आम्ही त्यांना विचारून ठरवतो.

आता शंकेचा दुसरा भाग, जो मला जास्त बोचतो. मैदान बाजूला ठेवू, निदान गेममध्ये तरी मी टॅक्टिक्सवर जिंकत होतो का?

फुटबॉल मॅनेजर खेळणाऱ्यांमध्ये ही जुनी कुजबूज आहे की मॅच इंजिनला, म्हणजे गेममध्ये मॅच चालवणाऱ्या प्रोग्रामला, वेग फार आवडतो. वेग आणि ॲक्सलरेशन चांगलं असलेले खेळाडू भरले की बाकी काहीही लावा, टीम वर जाते. काही हौशी लोक एकाच टॅक्टिकच्या शेकडो मॅचेस चालवून हे तपासत असतात. मी हे कधी मनावर घेतलं नव्हतं कारण घेतलं असतं तर माझ्या अकरा सीझनचं काय?

फेब्रुवारीत दोन शनिवार-रविवार बसून मी स्वतः करून बघितलं. एक जुना सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, घेतला, सीझनच्या सुरुवातीचा, त्याच्या कॉपी काढल्या. पहिल्यात माझी टॅक्टिक तशीच ठेवून सीझन गेममधल्या असिस्टंटवर सोडून दिला. दुसऱ्यात टीम तीच, पण माझ्या सगळ्या बारीक सूचना काढून टाकल्या, नुसतं गेमनं दिलेलं तयार 4-3-3. तिसऱ्यात टॅक्टिक माझी पूर्ण, पण एडिटरनं माझ्या पुढच्या सहा खेळाडूंचा वेग 15-16 वरनं 10 वर आणला, बाकी एकाही गुणाला हात लावला नाही. प्रत्येक तीनदा चालवलं.

पहिल्या आणि दुसऱ्यात फरक होता पण थोडा, एक-दोन जागा इकडंतिकडं. तिसऱ्यात टीम दोनदा शेवटच्या तिघांत आणि एकदा कशीबशी वाचली. तीन-तीन वेळा चालवून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, नशिबाचा भाग त्यात मोठा असतो. आणि खऱ्या फुटबॉलमध्येही वेग महाग असतोच, क्लब त्यालाच पैसे मोजतात, म्हणजे गेम अगदीच खोटं सांगत नाही. पण मी जे माझं डोकं समजत होतो त्यातला मोठा वाटा ट्रान्सफर मार्केटमध्ये वेगाचा रकाना लावून शोधण्याचा होता, हे आता मला नाकारता येत नाही. मी टॅक्टिक घासत बसायचो रात्री दोन-दोनपर्यंत, बॅकला थोडा आत घे, हाफला थोडं वर सोड, आणि जिंकलो की वाटायचं त्यानं जिंकलो.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो एका रोलनं. गेममध्ये रॉमडॉयटर नावाचा रोल अनेक वर्षं होता. हा शब्द जर्मनीच्या थॉमस म्युलरनं 2011 मध्ये एका मुलाखतीत स्वतःबद्दल वापरला होता, जागा शोधणारा, जागेचा अर्थ लावणारा अशा अर्थी. तो ना फार वेगवान, ना ड्रिब्लिंगवाला, पण बॉल पडणार तिथं आधीच उभा. ते त्याचं स्वतःचं, लहानपणापासनं अंगात मुरलेलं काहीतरी होतं आणि त्यालाही ते एका शब्दापलीकडं सांगता आलं नाही. गेमनं त्याचा ड्रॉपडाऊनमधला एक पर्याय केला. मी तो पर्याय कुणालाही द्यायचो. बॉल नसतानाची हालचाल 15 च्या वर दिसली की दे रॉमडॉयटर. आणि मग मी लोकांना सांगायचो की मला हा रोल कळतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत प्लॅनिंगला आहे. आमच्याकडं पॅटर्न, म्हणजे ज्यावरनं साचा काढतात तो नमुना, कधीच ओतून निघालेल्या कास्टिंगच्या मापाचा नसतो. लोखंड थंड होताना आकसतं, ग्रे आयर्न साधारण एक टक्का, म्हणून 200 मिलिमीटरचा पार्ट पाहिजे असेल तर पॅटर्नमेकर 202 चा पॅटर्न करतो आणि जिथं मशिनिंग आहे तिथं वर अजून माल ठेवतो. ड्रॉइंगवरचं माप जसंच्या तसं ओतलं तर जॉब रिजेक्ट. हे मला रोज दिसतं, रोज मी त्याचे आकडे भरतो. आणि तरी रविवारी मैदानावर मी ड्रॉइंगचं माप घेऊन गेलो. माझ्या डोक्यात टॅक्टिक जेवढी होती त्यातली किती पोरांपर्यंत पोचताना आकसणार, शाळेचा थकवा, कालचं भांडण, फाटका बूट, ह्याला मी काहीच अलाउन्स ठेवला नव्हता. गेममध्ये टॅक्टिकची सवय दाखवणारी एक पट्टी असते, ती काही आठवड्यांत आपोआप भरत जाते आणि भरली की भरली. आमच्या पोरांची पट्टी परीक्षेच्या पंधरा दिवसांत पूर्ण रिकामी होते.

मित्र मला विल स्टिलचं उदाहरण देतात, की तो बघ, फुटबॉल मॅनेजर खेळून खेळून फ्रान्सच्या पहिल्या लीगचा कोच झाला. हे मोबाइलवर फिरतं तसं नाहीये. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथल्या रॅन्स क्लबनं त्याला कोच केलं तेव्हा तो जेमतेम 30 वर्षांचा होता, एवढ्या वरच्या लीगला कोच व्हायला लागतं ते प्रो लायसन्स नव्हतं म्हणून क्लब दर मॅचला 25,000 युरो दंड भरत होता, त्याच्या हाताखाली टीम लीगमध्ये सुरुवातीच्या 17 मॅच हरली नाही, पॅरिसच्या बलाढ्य पीएसजीलाही त्यांच्या मैदानावर 1-1 वर रोखलं, हे सगळं खरं. लहानपणी तो गेम खेळायचा हेही खरं. पण मधली वर्षं कुणी सांगत नाही. इंग्लंडला जाऊन ह्याच विषयाचं शिक्षण घेतलं, प्रेस्टन क्लबच्या अंडर-14 पोरांबरोबर काम केलं, मग बेल्जियमला व्हिडिओ ॲनालिस्ट, मग असिस्टंट, असं करत करत. त्याच्या गोष्टीत गेम पहिल्या पानावर आहे, पुढं बरीच पानं आहेत. अंडर-14 चं वाचलं तेव्हा मला एकदम जवळचं वाटलं, की त्यालाही कुणीतरी विचारलं असणार, मी कधी पळायचं.

एवढं सगळं म्हणूनही मी गेम सोडलेला नाही आणि सोडणार नाही, कारण एक गोष्ट त्यानंच मला दिली, बॉल सोडून बघायची सवय. 2008 च्या आधी मी मॅच बघायचो म्हणजे बॉल बघायचो. गेममध्ये वरनं सगळं मैदान दिसतं, बावीस ठिपके, आणि आपोआप नजर बॉलवरनं सुटते, की बाकीचे काय करतायत. मैदानावर दोरीवरचा तो हात मला दिसला तो ह्याच सवयीमुळं, असं मला वाटतं. बाकीचे पालक बॉल बघत होते. नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या व्हर्जनमध्ये बॉल आपल्याकडं असताना एक फॉर्मेशन आणि नसताना दुसरं, असं वेगवेगळं लावता येतं, तेही मला आवडलं, खऱ्या टीम तशाच खेळतात. पोरांना मी आता तसंच सांगतो, आपल्याकडं असताना तुझं घर हे, नसताना तुझं घर ते. हे त्यांना पटकन कळलं, कुठल्याही फॉर्मेशनच्या आकड्यापेक्षा.

पण माझा सूर बदललाय. आधी मी सांगायचो, आता जास्त विचारतो. तुला काय दिसलं, तू का थांबलास, तुला काय वाटलं तो कुठं देणार. आणि पोरं जे सांगतात ते ऐकून कधी कधी मी घरी येऊन वहीत लिहितो.

मागच्या महिन्यात शेजारच्या पेठेतल्या पोरांशी आमची एक मॅच झाली, अशीच, कप वगैरे काही नाही. आम्ही 2-1 हरलो. पण आमचा जो एक गोल झाला तो बारक्याचा. त्यांचा उजवा बॅक बॉल घेऊन निवांत उभा होता, बॅकपास नाही, टच लांब गेला नाही, पाठ आमच्याकडं नाही, माझ्या वहीतल्या पाचपैकी एकही गोष्ट झालेली नव्हती, आणि बारक्या एकदम सुटला. मी ओरडणार होतो की थांब, आत्ता नाही. तोवर त्यानं बॉल काढून घेतलेला, आत घुसला आणि गोलकीपरच्या बाजूनं ढकलला.

मॅच संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं, पाणी प्यायला दिलं आणि विचारलं की तू कशावरनं पळालास?

"त्यानं मान खाली घातली की, दादा."

"म्हणजे?"

"तो पास द्यायच्या आधी बॉलकडं बघतोय. मान खाली घातली की त्याला मी दिसतच न्हाई. पहिल्या हाफपासनं बघतोय मी त्याला."

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला, एक सेव्ह लावला, मॅच थ्रीडीमध्ये टाकली आणि झूम करून बॅककडं बघत बसलो. पासच्या आधी त्याची मान खाली जाते का. बराच वेळ बघितलं, मला तरी गेलेली दिसली नाही. मग तशाच चार खऱ्या मॅचेसचे व्हिडिओ लावले आणि तिथं दिसलं. सगळ्यांचं नाही, चांगल्या बॅकचं तर अजिबात नाही, तो आधीच वर बघून घेतो. पण प्रेशरमध्ये, शेवटच्या दहा मिनिटांत, दमलेल्या बॅकचं दिसतं.

दोरी मंडळानं परत मागितलीय, वैशाखातल्या शिवजयंतीच्या मांडवाला पाहिजे. तोवर दोन रविवार मिळतील. एक रविवार बारक्याला पुढं उभं करून हे बाकीच्या दोन फॉरवर्डना शिकवायला सांगणार आहे, त्याच्या शब्दांत. पण एक सुटतच नाहीये. बारक्या एकटा सुटतो तेव्हा त्याच्या मागच्या हाफला काहीच कळत नाही, तो जिथं होता तिथंच राहतो, आणि समोरच्यानं बारक्याला चुकवलं तर पूर्ण डावी बाजू उघडी पडते. त्या मॅचला खाल्लेला दुसरा गोल तसाच होता. मान खाली गेलेली बारक्याला दिसते, मागच्याला दिसत नाही, त्याला फक्त बारक्याची पाठ दिसते. मग त्यानं कशावरनं पळायचं? आण्णा म्हणतात ओरडायला शिकव. बारक्या म्हणतो ओरडलं की बॅकला कळतंय.